कॉलेजचं गाव शहर कसं बनतं? कॉलेज स्टेशन–ब्रायन (टेक्सास) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८७६ मध्ये टेक्सासच्या रानात सहा प्राध्यापक आणि चाळीस विद्यार्थी घेऊन एक कॉलेज सुरू झालं. आज त्या कॉलेजचं टेक्सास ए अँड एम विद्यापीठ झालंय, तिथे ७०,००० हून जास्त विद्यार्थी शिकतात आणि भोवतीच्या महानगर क्षेत्रात २०२० च्या जनगणनेनुसार २,६८,२४८ लोक राहतात. तिकडे शिकायला निघालेले विद्यार्थी, त्यांचे पालक, नगररचनेचे अभ्यासक आणि ‘आमच्या तालुक्याला विद्यापीठ आलं, आता पुढे काय’ असं विचारणारे लोकप्रतिनिधी या सगळ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

हे गाव आहे तरी कुठे? आडबाजूला म्हणजे किती आडबाजूला?

ह्यूस्टनपासून साधारण १५० किलोमीटर, ऑस्टिनपासून १७०, डॅलसपासून २९०. नकाशावर ही तीन मोठी शहरं जोडली की मधल्या पोकळीत हे गाव सापडतं. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांपैकी एकही आजवर या गावातून गेलेला नाही. मुख्य रस्ता म्हणजे टेक्सासचा राज्य महामार्ग ६. १८७६ मध्ये इथे पोस्ट ओकची झाडी, चिकणमाती आणि ह्यूस्टनहून येणारा रेल्वेमार्ग एवढंच होतं. सर्वात जवळची वस्ती म्हणजे आठेक किलोमीटरवरचं ब्रायन. तिथे रेल्वे १८६७ मध्ये पोहोचली होती.

मग कॉलेज अशा ठिकाणी का काढलं?

जमिनीमुळे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारने प्रत्येक राज्याला शेती आणि यंत्रविद्या शिकवणाऱ्या कॉलेजसाठी जमिनीचे हक्क दिले. टेक्सासच्या वाट्याला १,८०,००० एकर आले. ते विकून आलेला पैसा गुंतवायचा आणि व्याजावर कॉलेज चालवायचं, अशी रचना होती. इमारतींसाठी जागा मात्र स्थानिकांनी द्यायची होती. ब्रायनच्या लोकांनी २,४१६ एकर देऊ केले आणि कॉलेज मिळवलं.

आकड्याकडे नीट पाहा. २,४१६ एकर म्हणजे जवळजवळ पावणेदहा चौरस किलोमीटर. दीडशे वर्षांनंतरही विद्यापीठाला नवी प्रयोगशाळा, नवी शेती, विमानतळ यांसाठी जागा शोधत फिरावं लागलं नाही, याचं मूळ त्या देणगीत आहे. पाच-पन्नास एकरांवर काढलेल्या कॉलेजला पंधरा वर्षांत श्वास कोंडल्यासारखं होतं.

‘कॉलेज स्टेशन’ हे काय नाव झालं?

रेल्वे थांबायची ते कॉलेजचं स्टेशन. १८७७ मध्ये पोस्ट ऑफिस आलं, त्यानेही तेच नाव घेतलं. तेव्हा गावच नव्हतं, त्यामुळे गावाचं वेगळं नाव असण्याचा प्रश्न नव्हता.

कॉलेज आलं की गाव वाढतंच ना?

नाही. हा सर्वात मोठा गैरसमज आहे आणि याच गावाने तो खोटा ठरवलाय. कॉलेज १८७६ चं, पण गावाची नगरपालिका झाली १९३८ मध्ये. १९४० च्या जनगणनेत लोकसंख्या भरली २,१८४. म्हणजे कॉलेजला ६४ वर्षं झाली तरी आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढीसुद्धा वस्ती नाही.

कारण सगळं कुंपणाच्या आत होतं. कॉलेज लष्करी शिस्तीचं आणि फक्त मुलांचं. मुलं बराकीत राहायची, मेसमध्ये जेवायची, कपडे कॉलेजच्या लाँड्रीत धुतले जायचे. प्राध्यापकांना आवारातच भाड्याची घरं होती. कुंपणाबाहेर कुणाला खोली नको, खानावळ नको, किराणा नको, तर तिथे दुकान टाकणार कोण? उत्तरेच्या फाटकासमोर थोडी दुकानं उभी राहिली, तोच आजचा नॉर्थगेट. बाकी खरेदीला लोक ब्रायनला जात. त्यासाठी १९१० ते १९२३ या काळात दोन्हींच्या मध्ये ट्रामसारखी छोटी रेल्वेही चालली.

पहिला बदल प्राध्यापकांनी घडवला. १९२० च्या दशकात त्यांच्यातल्या काहींनी आवाराच्या दक्षिणेला जमीन घेऊन प्लॉट पाडले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीला कॉलेजने आवारातली प्राध्यापकांची घरं बंद करायचं ठरवलं. लाकडी घरं विकली गेली आणि पुष्कळशी अक्षरशः उचलून, चाकांवर चढवून, बाहेरच्या प्लॉटवर नेऊन ठेवली. स्वतःचं घर झालं तसे लोक रस्ता, दिवे, गटार आणि शाळा मागू लागले. नगरपालिका नेमकी याच वर्षांत झाली, यात नवल नाही. वास्तुकला विभागाचे प्रमुख अर्नेस्ट लँगफर्ड १९४२ मध्ये महापौर झाले आणि दोन दशकांहून जास्त काळ त्या पदावर राहिले.

मग खरी वाढ कधी सुरू झाली?

१९६० च्या दशकात, तीन निर्णयांनंतर. जनरल अर्ल रडर १९५९ ते १९७० कॉलेजचे प्रमुख होते. १९६३ मध्ये मुलींना मर्यादित प्रवेश मिळाला आणि कॉलेजचं विद्यापीठ झालं. त्याच सुमारास कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दारं उघडली. १९६५ मध्ये लष्करी पथकात राहण्याची सक्ती संपली. माजी विद्यार्थ्यांचा या बदलांना कडवा विरोध होता, तरीही ते झाले.

विद्यार्थीसंख्या १९७० मध्ये १४,००० च्या आसपास होती, १९७६ मध्ये २५,००० च्या पुढे गेली. सहा वर्षांत दहा हजारांहून जास्त नवी मुलं आली आणि वसतिगृहं काही त्या वेगाने बांधता येत नाहीत. मुलं बाहेर राहू लागली. गावाची लोकसंख्या त्याच तालावर चढली: १९६० मध्ये ११,३९६, १९७० मध्ये १७,६७६, १९८० मध्ये ३७,२७२, १९९० मध्ये ५२,४५६, २००० मध्ये ६७,८९०. त्या वर्षी ब्रायन होतं ६५,६६०. मुलगी आईपेक्षा उंच झाली ती तेव्हा. २०२० मध्ये कॉलेज स्टेशन १,२०,५११ आणि ब्रायन ८३,९८०.

आमचं ठाम मत असं, की गाव वाढवतात ते कुंपणाबाहेर राहणारे लोक. एखाद्या विद्यापीठाची विद्यार्थीसंख्या पाहून गावाचा अंदाज बांधू नका. त्यातून वसतिगृहातल्या खाटा वजा करा, उरलेला आकडा पाहा. आज इथे आवारात दहा-अकरा हजार मुलं राहतात, बाकी सगळी गावात.

दोन शहरं चिकटून आहेत, मग एकच महापालिका का नाही?

दोन्हींचे हिशेब पहिल्यापासून वेगळे आहेत. ब्रायनची स्वतःची वीज कंपनी आहे, कॉलेज स्टेशनची वेगळी वितरण व्यवस्था आहे, विद्यापीठाचं वीजघर तिसरंच. शाळांचे जिल्हे दोन, कर दोन, पोलीस दोन. एकत्र केलं तर कुणाचं कर्ज कुणी फेडायचं, हा प्रश्न सुटत नाही.

तोटा व्हायचा तो होतो. मॉल किंवा मोठं दुकान यायचं म्हटलं की दोन्ही शहरं करसवलतींची बोली लावतात. पण जिथे एकत्र यायलाच हवं तिथे ती येतात: शेजारच्या ग्राइम्स काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कचराक्षेपण केंद्र दोघांच्या मालकीचं आहे आणि रस्त्यांचं दीर्घ नियोजन एकाच महानगर नियोजन संस्थेत होतं. आपल्याकडे जुळ्या शहरांचं विलीनीकरण हाच एक मार्ग समजला जातो. इथे कामानुसार एकत्र येणं बरं चाललंय.

‘मेट्रो’ हा दर्जा कोण देतं? मोठं झालं की आपोआप मिळतो का?

अमेरिकेत केंद्र सरकार देतं, आणि निकष ठरलेला आहे. मध्यभागी किमान ५०,००० लोकांची सलग नागरी वस्ती हवी. शेजारच्या ज्या काउंटीतले किमान २५ टक्के नोकरदार रोज मध्यवर्ती काउंटीत कामाला येतात, किंवा उलट जातात, ती काउंटीही क्षेत्रात धरली जाते. इथे ब्राझोस मध्यवर्ती, बर्लेसन आणि रॉबर्टसन या दोन लगतच्या.

लक्षात घ्या, यात उंच इमारती किंवा रेल्वे यांचा काही संबंध नाही. ‘मेट्रो’ म्हणजे इथे मेट्रो रेल्वे नव्हे. रोजच्या येण्या-जाण्याने बांधलेला प्रदेश, एवढाच अर्थ. दर्जाने हाती येतो तो निधी: ५०,००० ओलांडले की रस्ते-वाहतुकीच्या केंद्रीय पैशासाठी नियोजन संस्था नेमावीच लागते.

पाणी कुठून येतं?

जमिनीखालून, आणि फार खालून. सिम्सबरो नावाचा वाळूच्या खडकाचा जलधर थर आहे, त्यात सुमारे ३,००० फूट खोल बोअर आहेत. आपल्याकडे दोनशे-तीनशे फुटांवर पाणी लागतं, त्याच्या दहापट. एवढ्या खोलीवरून येणारं पाणी गरम असतं, ४५ अंश सेल्सिअसच्या वर. पंपाजवळच्या पाइपला हात लावून ठेवता येत नाही. म्हणून ते आधी शीतमनोऱ्यात नेतात: वरून पाणी पट्ट्यांवर सोडायचं, पंख्याने हवा खेचायची, काही पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं निवतं. मग क्लोरीन, मग टाक्या, मग घरोघर.

पिण्याला हे पाणी चांगलं असतं, झाडांना मात्र मानवत नाही. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त. रोज तेच बागेला घातलं की चिकणमाती सोडियमने फुटून घट्ट बसते, पाणी आत मुरत नाही, पानांच्या कडा करपतात. नवख्या माणसाला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून तो आणखी घालतो आणि झाड मरतं. पावसाचं पाणी पिंपात साठवून कुंड्यांना घालणं हा इथला खरा उपाय.

मोठी अडचण वेगळीच आहे. टेक्सासच्या कायद्यात जमिनीखालचं पाणी जमीनमालकाचं. त्यामुळे एखादी खासगी कंपनी शेजारी जमीन घेऊन, बोअर मारून, ते पाणी नळाने दूरच्या शहरांना विकू शकते. उपशावर नियंत्रण ठेवायला ‘भूजल जिल्हा’ नावाची स्थानिक संस्था आहे, पण तिने दिलेल्या परवानग्या हाच वादाचा मुद्दा झाला आणि प्रकरण कोर्टात गेलं. शंभर वर्षं पुरेल असं वाटणारं पाणी दुसऱ्याच्या नळाने जाऊ शकतं, हे शहराला उशिरा कळलं.

आणि सांडपाणी?

पाणी पंपाने वर चढवता येतं, सांडपाणी उताराने न्यावं लागतं. म्हणून गाव कोणत्या दिशेने वाढणार हे नाले ठरवतात. जुनं गाव कार्टर्स क्रीकच्या उतारावर, तिथेच मुख्य शुद्धीकरण केंद्र. वस्ती दक्षिणेला उतार ओलांडून लिक क्रीकच्या बाजूला गेली तेव्हा तिथे दुसरं केंद्र लागलं. शहर नव्या बांधकामावर पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांसाठी विकास शुल्क घेतं, ते यासाठीच. ते घेतलं नाही तर जुन्या रहिवाशांच्या बिलातून नव्या वसाहतीची गटारं बांधली जातात.

घरांच्या भिंतींना तडे का जातात?

जमीन फुगते आणि आकसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीवर ज्यांनी घर बांधलंय त्यांना हे सांगायला नको. पावसाच्या दिवसांत माती पाणी पिऊन फुगते, तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, वाळून भेगाळते. घराच्या मधल्या भागाखालच्या मातीची ओल फारशी बदलत नाही आणि कडा वर-खाली होतात. आधी दारं अडकायला लागतात, मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते.

उपाय असा: पाया म्हणून एकसंध काँक्रीटची लादी टाकतात, तिच्यात अर्धा इंच जाडीच्या पोलादी दोऱ्या प्लास्टिकच्या वेष्टनात घालून ठेवतात आणि काँक्रीट काही दिवस कडक झाल्यावर जॅकने ताणून अडकवतात. लादी दाबाखाली राहते आणि फाटत नाही. त्यानंतरही उन्हाळ्यात पायापासून फूट-दीड फूट अंतरावर झिरपणारी नळी ठेवून माती ओलसर ठेवावी लागते. भिंतीला टेकून मोठं झाड लावू नका, ते मुळांनी एका बाजूची ओल खेचतं आणि तोच कोपरा खचतो.

विद्यापीठ मालमत्ता कर देत नाही, मग शहर चालतं कशावर?

प्रश्न अगदी योग्य. शहरातली सर्वात मोठी जमीन करमुक्त, टेक्सासमध्ये राज्याचा आयकरही नाही. उरतात मालमत्ता कर आणि विक्री कर. विक्री कर ८.२५ टक्के: राज्याचे ६.२५, शहराचा दीड आणि काउंटीचा अर्धा. म्हणजे विद्यार्थ्याने १०० डॉलरची वस्तू घेतली की शहराला दीड डॉलर. भाड्याच्या इमारतींचा मालमत्ता कर मालक भरतो आणि तो भाड्यातून वसूल करतो. ‘पोरं कर भरत नाहीत’ ही तक्रार तिथेही ऐकू येते, पण ती चूक आहे.

यातलं दुखणं म्हणजे हंगाम. मे महिन्यात मुलं गेली की दुकानांचा गल्ला आटतो. लहान खानावळी जून-जुलैत बंद पडतात, कारण भाडं बारा महिन्यांचं आणि गिऱ्हाईक नऊ महिन्यांचं. तिथे धंदा टाकणाऱ्याने तीन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला ठेवूनच सुरुवात करावी.

फुटबॉलचा एवढा बोलबाला का?

इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल. विद्यापीठाच्या काइल फील्ड या मैदानाची क्षमता १,०२,७३३ आहे. २०२० च्या जनगणनेतलं अख्खं कॉलेज स्टेशन जवळजवळ त्यात मावेल. हंगामात सहा-सात सामने घरच्या मैदानावर होतात आणि त्या शनिवार-रविवारी हॉटेलं वर्षाची कमाई करतात. सामना सुटला की काही रस्ते एकाच दिशेने सोडतात. पाहुण्यांना बोलवायचं असेल तर सामन्याचं वेळापत्रक आधी पाहा, नाहीतर खोली मिळणार नाही किंवा चौपट दराने मिळेल.

मुलांच्या भाड्याच्या घरांवरून एवढा वाद का होतो?

तीन-चार खोल्यांच्या जुन्या बंगल्याच्या जागी गुंतवणूकदार पाच-सहा बेडरूमचं घर बांधतो. प्रत्येक बेडरूमला स्वतंत्र न्हाणीघर, पुढे अंगणाऐवजी गाड्या लावायला काँक्रीट. कागदोपत्री ते एका कुटुंबाचं घर, प्रत्यक्षात छोटं वसतिगृह. गावात त्याला ‘ॲग शॅक’ म्हणतात. कुटुंबाला त्या घराचे जितके पैसे परवडतात त्याहून खोलीनिहाय भाड्यातून जास्त मिळतात, त्यामुळे कुटुंबं शहराबाहेर सरकतात आणि जवळच्या शाळेचा पट घटतो.

शहराने बरीच वर्षं नात्यात नसलेल्या चारच व्यक्तींनी एका घरात राहावं अशी मर्यादा ठेवली होती. २०२१ मध्ये एखाद्या वसाहतीला ती दोनवर आणता येईल अशी तरतूदही केली. २०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने कायदा करून कॉलेजच्या शहरांकडून हा अधिकारच काढून घेतला. आता शहराच्या हातात राहिलं ते माणसं सोडून वस्तू मोजणं: किती गाड्या, किती कचरा, किती आवाज, प्लॉटचा किती भाग काँक्रीटखाली. आमच्या मते हीच वाट बरी. नात्यावरून घर तपासायला जाणं कुणालाच शोभत नाही आणि पुरावा कधी मिळत नाही. पाच गाड्या मात्र दारातच दिसतात.

आमचा मुलगा किंवा मुलगी तिकडे चाललीय. घर घेताना काय पाहायचं?

गाव भाड्याच्या करारांच्या कॅलेंडरवर चालतं. बहुतेक करार ऑगस्टमध्ये संपतात आणि ऑगस्टमध्येच नवे सुरू होतात. जुना संपण्याची आणि नवा सुरू होण्याची तारीख यात काही दिवसांची फट असते, कारण मालकाला रंगसफेदी करायची असते. त्या दिवसांत सगळ्या गावाचा संसार एकदम रस्त्यावर येतो: फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलं, ‘घेऊन जा’ लिहिलेले मायक्रोवेव्ह. सामान ठेवायची सोय आधी करा.

करार पूर्ण घराचा आहे की एका बेडरूमचा, हे पहिल्यांदा पाहा. पूर्ण घराच्या करारात एक जोडीदार सोडून गेला तर त्याचा हिस्सा बाकीच्यांवर पडतो. बेडरूमच्या करारात तसं होत नाही, पण अनोळखी माणूस शेजारच्या खोलीत येऊ शकतो. मालक अमेरिकेतला जामीनदार मागतात. तो नसेल तर जास्त अनामत किंवा शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ द्यावं लागतं, तेवढे डॉलर बाजूला ठेवून निघा. भाड्यात वीज आणि पाणी धरलंय का ते विचारा, कारण ऑगस्टचं एसीचं बिल पहिल्या महिन्याचं गणित बिघडवतं. आणि घर विद्यापीठाच्या बसमार्गावर आहे का, सुटीच्या काळात ती बस किती वेळाने येते, हे नकाशावर नव्हे तर वेळापत्रकात बघा. विमान ह्यूस्टनचं घेतलं तर पुढचे दोन तास शटलचे, तिकीट काढतानाच तेही आरक्षित करा.

रस्ते आणि रेल्वेचं काय? एवढ्या मोठ्या गावात रेल्वे नाही?

रूळ आहेत, पण त्यावरून मालगाड्या धावतात. प्रवासी गाडी १९९५ मध्ये बंद झाली. गंमत अशी नाही, दुःख असं, की ज्या गावाचं नावच स्टेशन आहे तिथे आज गाडी थांबत नाही. शिवाय तोच मार्ग विद्यापीठाचे दोन तुकडे करतो: पूर्वेला जुनं आवार, पश्चिमेला नवं. शेजारून वेलबर्न रस्ता. तासाच्या मधल्या सुटीत हजारो मुलं एकीकडून दुसरीकडे जातात. त्यांच्यासाठी भुयारी वाटा कराव्या लागल्या, आणि फाटक पडलं की गाड्यांची रांग आडव्या रस्त्यांपर्यंत जाते. रुळाच्या एकाच बाजूला वाढायचं ठरवून ठेवलं असतं तर हे टळलं असतं.

फक्त विद्यापीठाच्या पगारावर महानगर टिकतं का?

मंदीत टिकतं. सरकारी पगार थांबत नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्टिन चॉक या थरातल्या तेलाची लाट इथपर्यंत आली, बँका आणि इमारती उभ्या राहिल्या, १९८६ मध्ये तेलाचा भाव कोसळला तेव्हा ते सगळं खाली बसलं. विद्यापीठाने गावाला तोलून धरलं.

पण चढत्या पगाराच्या नोकऱ्या नुसत्या वर्गांतून येत नाहीत. त्यासाठी संशोधन लागतं. अभियांत्रिकी, शेतीविस्तार आणि वाहतूक यांच्या राज्यस्तरीय संस्थांची मुख्यालयं इथेच आहेत. लस आणि जैवऔषधांचं उत्पादन करणारा फुजीफिल्मचा प्रकल्प आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४३ ला उभारलेला ब्रायनचा हवाई तळ १९६० च्या दशकात विद्यापीठाकडे आला आणि आज त्याच जुन्या धावपट्ट्यांवर वाहनांच्या चाचण्या होतात. रेलिस आवार म्हणतात ते हेच. तरीही उणीव आहेच: पदवीधर झालेली बहुतेक मुलं ह्यूस्टन-डॅलसला निघून जातात.

जुन्या ब्रायनचं काय झालं?

१९८२ मध्ये कॉलेज स्टेशनमध्ये पोस्ट ओक मॉल उघडला आणि ब्रायनच्या मेन स्ट्रीटवरची दुकानं एकेक करून बंद पडली. पुढे जुन्या विटांच्या इमारतींत खाणावळी, कलादालनं आणि ऑफिसं आली. ते झालं कारण इमारती पाडल्या नव्हत्या. जुनी पेठ ओस पडली म्हणून घाईने पाडू नये, एवढं यातून घेण्यासारखं.

हे आपल्याकडे का होत नाही? राहुरीचं तसं का नाही झालं?

नातं खरंच आहे. आपली कृषी विद्यापीठं अमेरिकेतल्या याच जमीन-अनुदान कॉलेजांच्या नमुन्यावर निघाली. महाराष्ट्राला त्यासाठी पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचं साहाय्य होतं आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झालं. पण आपण नमुना घेतला तो १९३० च्या टेक्सासचा: आवार मोठं, कर्मचारी आवारातल्या वसाहतीत, विद्यार्थी वसतिगृहात, संख्या मर्यादित. कुंपणाबाहेर मागणीच नाही, आणि मोठी खरेदी अहिल्यानगरला.

उलटं उदाहरण गुजरातेत आहे. आणंदजवळ भाईकाकांनी १९४५-४६ पासून वल्लभ विद्यानगर वसवलं. ते स्वतः स्थापत्य अभियंते. शेतकऱ्यांकडून जमीन घेतली, आधी रस्ते आणि गटारं आखली, विकसित प्लॉटांतून कॉलेजांसाठी पैसा उभा केला. १९५५ मध्ये सरदार पटेल विद्यापीठ झालं, शेजारी विठ्ठल उद्योगनगर आलं आणि २०२५ मध्ये वल्लभ विद्यानगर करमसद–आणंद महापालिकेत गेलं.

आमच्या गावात विद्यापीठ येतंय. कशापासून सुरुवात करायची?

हिशेबापासून. वसतिगृहाबाहेर राहणारे दर १,००० विद्यार्थी धरा. एका फ्लॅटमध्ये चौघे, म्हणजे २५० फ्लॅट. आपल्याकडचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर पाणी, म्हणजे १,३५,००० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १,०८,००० लिटर. ही गटारं आज नसतील तर ते ओढ्यात जाणार. दहा हजार विद्यार्थी येणार असतील तर प्रत्येक आकड्याला दहाने गुणा आणि मग पंचायतीच्या पाणी योजनेची क्षमता शेजारी लिहा.

त्यानंतर क्रम महत्त्वाचा. आधी सातबारे आणि मोजणी स्वच्छ करा, कारण विद्यापीठाची घोषणा होताच भोवतालच्या जमिनीची गुंठेवारी सुरू होते आणि नंतर १८ मीटरचा रस्ताही काढता येत नाही. मग मुख्य रस्त्यांच्या रेषा विकास आराखड्यात आखून राखून ठेवा, बांधले नाहीत तरी चालतील. मग नाल्यांचे उतार पाहून शुद्धीकरण केंद्राची जागा धरा. सर्वात शेवटी इमारतींना परवानगी. हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते पुण्याच्या भोवतालच्या कुठल्याही समाविष्ट गावात पावसाळ्यात जाऊन बघता येतं.

हद्दवाढही वेळेत हवी. टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्याने रहिवाशांच्या संमतीशिवाय हद्द वाढवणं बंद झालं. कॉलेज स्टेशनने वेलबर्न हे गाव २०११ मध्येच सामील करून घेतलं होतं, म्हणून दक्षिणेची वाढ शहराच्या नियमांत राहिली.

विद्यार्थ्यांना गावचे रहिवासी मोजतात का?

मोजतात. अमेरिकेच्या जनगणनेत माणूस १ एप्रिलला नेहमी जिथे राहतो तिथला धरला जातो, आणि शिकायला आलेला विद्यार्थी कॉलेजच्या गावचा. २०२० मध्ये साथीमुळे एप्रिलपर्यंत पुष्कळ मुलं आई-वडिलांकडे परतली होती, तरी नियम तोच होता. घरी आई-वडिलांनी अर्जात मुलाचं नाव लिहिलं तर ते कॉलेजच्या गावातून निसटण्याचा धोका होता. दरडोई मिळणारा निधी पुढची दहा वर्षं याच आकड्यावर ठरतो, म्हणून चार जणांच्या भाड्याच्या घरात अर्ज कोण भरणार, हे ३१ मार्चच्या आत ठरवून घ्यावं.